कॅनडाला माल पाठवताय? कागदावर नाव कुणाचं ते आधी बघा

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं की कॅनडाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि आता नौपाड्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या ऑफिसात पत्रं, मेल, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट असा ढीग झालाय. ठाण्यात हल्ली लोक टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनचं नाव असं घेतात की कल्याणच्या पुढचं स्टेशनच वाटावं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, ज्यातून चार जणांना उपयोग होईल असे प्रश्न निवडलेत. नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : काका, आम्ही पाचपाखाडीत सहा जणी मिळून लोणचं, भाजणी, तिळाची चिक्की आणि चिवडा करतो. एफएसएसएआयचं लायसन आहे. माझी नणंद ब्रॅम्प्टनला असते, ती म्हणते इथली दोन ग्रोसरीवाली दुकानं माल ठेवायला तयार आहेत, तू २०० किलो पाठव. आमचे हे म्हणतात आधी कुरिअरने पाठवून बघू. काय काय लागेल?

ताई, कुरिअर डोक्यातून काढा. नणंदेला घरी खायला डबा पाठवणं वेगळं आणि दुकानात विकायला माल पाठवणं वेगळं, विकण्यासाठी आयात करणाऱ्याकडे तिकडच्या अन्न तपासणी खात्याचं लायसन लागतं, सेफ फूड फॉर कॅनेडियन्स नावाचे नियम आहेत, जानेवारी २०१९ पासून लागू. हे लायसन तुम्हाला पाचपाखाडीत बसून मिळणार नाही कारण त्याला कॅनडात धंद्याची पक्की जागा दाखवावी लागते. म्हणजे लायसन एकतर नणंदेच्या नावावर नाहीतर दुकानदाराच्या. आणि ज्याचं नाव त्याच्यावर सगळं येतं, माल कुणाकडून आला कुणाला विकला याची नोंद ठेवायची, उद्या काही निघालं तर दुकानांतून माल परत गोळा करायचा. नणंद-भावजयीचं नातं आहे, हे आधीच बोलून घेतलेलं बरं, नंतर गणपतीला एकत्र बसायचंय.

कस्टम्सचंही तसंच झालंय. ऑक्टोबर २०२४ पासून तिकडे कार्म नावाचं पोर्टल आलं. पूर्वी तिथला ब्रोकर स्वतःच्या बाँडवर माल सोडवायचा, छोटे इम्पोर्टर त्याच्या मागे लपून निभावून न्यायचे. आता इम्पोर्टरने स्वतः रजिस्टर व्हायचं आणि ड्युटी नंतर भरायची सवलत हवी असेल तर स्वतःची सिक्युरिटी, म्हणजे हमीची रक्कम, ठेवायची, नाहीतर आधी पैसे भरा मग माल न्या. यातली ढिलाई २०२५ च्या मे महिन्यात संपली. तेव्हा दुकानदार गोड बोलून ‘बघू, करू’ म्हणत असेल तर त्याला सरळ विचारा, कार्मवर रजिस्टर आहेस का?

आता खरी गंमत लेबलची. गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका ताईंचं आंब्याच्या लोणच्याचं लेबल माझ्या टेबलावर होतं. घटक काय, तर कैरी, मीठ, तेल, तिखट, मसाले. संपलं. मी म्हटलं मोहरी कुठाय? म्हणाल्या मसाल्यात आली की. इथेच गाडी अडते, कॅनडात मोहरी ही ॲलर्जीच्या मुख्य यादीत आहे, ती ‘मसाले’ या शब्दाखाली दडवता येत नाही, वेगळी लिहावीच लागते. तीळ आणि शेंगदाणाही त्याच यादीत, म्हणजे तुमची चिक्की आणि चिवडा दोन्ही आले. आणि हिंग! घरातली हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लुटेन, तेही लिहायचं. भाजणीतही बहुतेक वेळा गहू असतो. हे सगळं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत. फ्रेंचमध्ये मोहरीला मूतार्द म्हणतात, आमच्या ऑफिसातली दोन पोरं ते वाचून अर्धा तास हसत होती, पण लेबलावर ते नसेल तर तुमचा माल तिकडे गोदामात पडून राहील आणि भाडं चढत जाईल.

शिवाय १ जानेवारी २०२६ पासून ज्या पाकिटात मीठ, साखर किंवा सॅच्युरेटेड फॅट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे त्याच्या पुढच्या बाजूला भिंगाचं चिन्ह छापावं लागतं. लोणचं म्हणजे मिठाचंच काम. तेव्हा लॅबमधून पोषणाचा रिपोर्ट करून घ्या, त्याशिवाय लेबल छापायला टाकू नका. हजार लेबलं छापून रद्दीत घातलेली मी पाहिलीयत.

माझं मत विचाराल तर चारही वस्तू एकदम नकोत. फक्त भाजणी घ्या, टिकते, गळत नाही, तेल सुटत नाही. एक खेप नीट गेली की लोणच्याचं बघू.

प्रश्न : वरच्यासारखाच माझाही खाण्याचा धंदा आहे, कॅनडात जीएसटी आपल्यासारखाच आहे का? (कळवा)

नाव जीएसटीच, पण हिशोब वेगळा. केंद्राचा ५ टक्के सगळीकडे, ऑन्टारिओत राज्याचा मिळून १३ टक्के, अल्बर्टात नुसता ५, क्वेबेकमध्ये त्यांचा स्वतःचा ९.९७५ टक्के वर. घरात शिजवायच्या साध्या किराण्यावर शून्य, पण चिप्ससारख्या खाऱ्या स्नॅकवर पूर्ण टॅक्स, म्हणजे एकाच डब्यातून गेलेल्या लोणच्याला काही नाही आणि चिवड्याला १३. तिथल्या छोट्या विक्रेत्याची वर्षाची विक्री ३०,००० कॅनेडियन डॉलरच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. आणि एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेतानाही त्यांचे नियम आडवे येतात, २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी हे अडथळे काढायला कायदा केला. आपल्याला मुलुंड नाक्यावरची जकातीची रांग आठवते ना, २०१७ पर्यंत होती, तसंच काहीसं, फक्त थंडीत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं नट-बोल्टचं युनिट आहे, २२ कामगार. ऑन्टारिओतल्या एका बायरला सात वर्षं माल जातोय. आता तो म्हणतो अमेरिकेच्या टॅरिफमुळे धंदा बसलाय, भाव १२ टक्के कमी करा आणि पेमेंट ६० ऐवजी १२० दिवसांनी. अमेरिकेने टॅरिफ लावला कॅनडावर, आम्ही का सोसायचं? आणि उद्या हा बुडाला तर?

दादा, पहिलं म्हणजे तो थापा मारत नाहीये. कॅनडाच्या एकूण निर्यातीतला साधारण पाऊण हिस्सा एकट्या अमेरिकेला जातो. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये स्टील-ॲल्युमिनियमवर २५ टक्के लावले, जूनमध्ये ते ५० केले, एप्रिलपासून गाड्यांवर २५. ऑन्टारिओत गाड्यांचा आणि स्टीलचा धंदा म्हणजे आपल्याकडे पिंपरी-चिंचवड समजा, तिथे एक कारखाना शिंकला की त्याच्या मागच्या पन्नास वर्कशॉपना सर्दी. मेक्सिकोला धरून जो तिघांचा करार आहे त्याचा फेरविचार जुलै २०२६ मध्ये ठरलाय, त्यामुळे कुणीच लांबची ऑर्डर द्यायला तयार नाही.

पण तुम्हाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती बायरने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. अमेरिकेत न खपलेलं जगाचं स्टील आपल्याकडे घुसेल या भीतीने कॅनडाने स्वतःच भिंत बांधलीय. ज्या देशांशी त्यांचा मुक्त व्यापार करार नाही, त्यात आपण आलो, त्यांच्या स्टीलला कोटा लावला, २०२५ मध्येच तो कमी कमी करत डिसेंबरअखेर २०२४ च्या आयातीच्या २० टक्क्यांवर आणला, कोट्याच्या वर गेलात तर ५० टक्के. आणि त्याच वेळी स्टीलपासून बनवलेल्या काही वस्तूंवर २५ टक्के लावले, त्यात फास्टनरचं, म्हणजे तुमच्या नट-बोल्टचं, नाव आहे. भांडण त्या दोघांचं आणि फटका रबाळ्याला. भारत-कॅनडा कराराची बोलणी २०२३ मध्ये थांबली होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण त्यावर आज धंदा मांडू नका. विकसनशील देशांसाठीची जुनी सवलतीची ड्युटी तर भारताला २०१५ पासूनच मिळत नाही.

तेव्हा आजच्या आज एक काम करा, तुमच्या इन्व्हॉइसवरचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वस्तू ओळखायचा नंबर, बहुतेक ७३१८ ने सुरू होत असेल, तो पूर्ण आकड्यांनिशी बायरच्या ब्रोकरला पाठवा आणि आज यावर किती ड्युटी पडते ते लेखी घ्या. आणि तुमची टर्म बघा. एफओबी, म्हणजे जहाजावर माल चढवेपर्यंतच तुमची जबाबदारी, असेल तर ड्युटी त्याची. डीडीपी, म्हणजे ड्युटी भरून दारात पोच, लिहून दिलं असेल तर, सॉरी, ती तुमच्याच गळ्यात, कारण कागदावर इम्पोर्टर म्हणून तुमचं नाव आहे. आमच्या वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटने ‘काय फरक पडतो’ म्हणत डीडीपीवर सही केली होती, फरक पडला.

आता १२० दिवसांचं. हडसन्स बे नावाची तिकडची कंपनी, १६७० सालची, म्हणजे तानाजीने कोंढाणा घेतला त्या वर्षीची. मार्च २०२५ मध्ये तिने ज्यांचे पैसे देणं होतं त्यांच्यापासून कोर्टाकडे संरक्षण मागितलं आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत सगळी दुकानं बंद. साडेतीनशे वर्षांच्या कंपनीचं तीन महिन्यात. अशा वेळी आधी बँका, ज्यांच्याकडे तारण आहे त्या, मग बाकीचे, आणि उधारीवर माल दिलेले सप्लायर अगदी शेवटच्या पंगतीला, तेव्हा पातेल्यात काही उरलेलं नसतं. तिकडच्या दिवाळखोरी कायद्यात सप्लायरसाठी एक खिडकी आहे, दिवाळखोरीच्या आधीच्या ३० दिवसांत पोचलेला माल, तो जसाच्या तसा पडून असेल, विकला गेला नसेल, तर १५ दिवसांत लेखी मागणी करून परत मागता येतो. पण कंपनी दिवाळखोर जाहीर झाली किंवा तिची मालमत्ता ताब्यात घेणारा रिसीव्हर बसला तरच, हडसन्स बेने मागितलं तसं नुसतं संरक्षण असेल तर ती खिडकीही बंद. आता तुम्हीच बघा, १२० दिवस उधारी दिलीत तर तुमचा बराचसा माल त्या ३० दिवसांच्या बाहेरच असणार, आणि नट-बोल्ट तोवर कुणाच्या तरी गाडीत बसलेले असणार.

माझ्या एका जुन्या क्लायंटचे पैसे असेच अडकले होते, क्लेमचा फॉर्म मीच भरला, दोन वर्षांनी डॉलरमागे चार सेंट आले. चेक बघून तो म्हणाला हा फ्रेम करून लावतो.

म्हणून ईसीजीसीचं कव्हर, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणारा सरकारी कंपनीचा विमा, घ्या, घेतलेलं असेल तर या बायरवरची लिमिट नव्याने मंजूर करून घ्या, ते लोक बायरची पत तपासतात आणि लिमिट कमी केली तर तोच तुमच्यासाठी इशारा समजा. रिझर्व्ह बँकेने निर्यातीचे पैसे आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ केलीय खरी, पण त्याने कागद सांभाळला जातो, पैसे येत नाहीत. बायरला सांगा, ९० दिवस देतो, २० टक्के ॲडव्हान्स दे, कव्हरचा प्रीमियम अर्धा-अर्धा. भावात ३-४ टक्के सोडा, तेही ठरलेल्या क्वांटिटीवर. सात वर्षांचा बायर आहे, तोडायचा नाही, पण १२ टक्के आणि १२० दिवस दोन्ही दिलेत तर तुम्ही सप्लायर नाही, त्याची बँक झालात.

प्रश्न : कॅनडाच्या बायरने चौदा पानांची प्रश्नावली पाठवलीय, तुमच्याकडे बालकामगार आहेत का, जबरदस्तीने काम करून घेता का वगैरे. आमचा महापेला युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. अपमान वाटला. भरायलाच हवी का?

अपमान नका वाटून घेऊ, तो बिचारा त्याच्या कायद्याने बांधलाय. जानेवारी २०२४ पासून तिकडच्या मोठ्या कंपन्यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत सप्लाय चेनचा रिपोर्ट द्यावा लागतो, चुकीचं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. कायदा थेट तुम्हाला लागू नाही, पण तुमचं उत्तर त्याच्या रिपोर्टमध्ये जातं आणि खाली सही तुमची असते. भरा, पण ऑफिसातल्या नव्या पोराला सगळीकडे ‘नो’ टिक करायला सांगून मोकळे होऊ नका. बटण-काजं बाहेर कुणाकडून करून घेता? तिथे कोण बसतं? तेवढं एकदा स्वतः जाऊन बघून या, मग सही करा. हजेरीपट, वयाचे पुरावे, पीएफची चलनं एका फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : कोपरीत माझा मसाल्याचा होलसेल आहे. टोरंटोच्या पार्टीला हळदीचा भाव व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याने नुसता अंगठा दाखवला. मी ६ टन उचलून ठेवलीय. ऑर्डर पक्की ना?

यावर खरंच कोर्टकचेरी झालीय बरं का. सस्कॅचेवान प्रांतात २०२१ मध्ये धान्य घेणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, त्याने अंगठ्याची इमोजी टाकली, आणि पुढे भाव चढल्यावर माल दिलाच नाही. म्हणाला अंगठा म्हणजे मेसेज मिळाला एवढंच. २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं हा अंगठा म्हणजे सही, भरा ८२ हजार डॉलरच्या वर. अपिलातही तेच टिकलं.

पण उड्या मारू नका. त्या दोघांमध्ये आधीपासून व्यवहार होते, शेतकरी आधीच्या करारांना ‘ओके’, ‘यप’ असं एका शब्दात उत्तर द्यायचा आणि माल द्यायचा, त्या सवयीमुळे अंगठ्याला वजन आलं. तुमची पार्टी नवी आहे, आणि तुम्ही नुसता भाव पाठवलात, क्वांटिटी नाही, तारीख नाही, पेमेंट नाही. कशाला अंगठा दिला हेच ठरत नाही. आजच प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे पक्क्या बिलाआधीचं कच्चं बिल, पाठवा, सही करून मागा, ३० टक्के मागा, आणि वाद झाला तर लवाद कुठे बसेल ते एका ओळीत लिहा. ॲडव्हान्स आला नाही तर हळद वाशीला विका. आणि हो, तुमचाही अंगठा जपून वापरा.

प्रश्न : मी ऐरोलीत घरून काम करतो, व्हँकुव्हरच्या कंपनीचं ॲप डेव्हलपमेंट. या महिन्यात त्यांनी बिलातून १५ टक्के टॅक्स कापला. बरोबर आहे का?

त्यांच्या अकाउंटंटने घाबरून कापलेला दिसतो. तो १५ टक्क्यांचा नियम कॅनडात हजर राहून दिलेल्या सेवेसाठी आहे. तुम्ही ऐरोलीच्या बेडरूममध्ये बसून कोडिंग केलंत तर तो लागू होत नाही. प्रत्येक बिलावर एक वाक्य टाका, सर्व काम भारतात केलं आहे, आणि तसं वेगळं पत्रही द्या. कापलेले तिकडे रिटर्न भरून परत मागता येतात, वेळ लागतो. मात्र बिलात ‘लायसन फी’ किंवा ‘रॉयल्टी’ असले शब्द वापरत असाल तर प्रकरण दुसऱ्या कलमात जातं, तिथे कापाकापी होऊ शकते, म्हणून बिलात जे काम केलं तेच लिहा.

प्रश्न : एपीएमसी दाणाबाजारात कामाला आहे. कॅनडाच्या पिवळ्या वाटाण्याचं काय चाललंय, शेठना विचारलं तर चिडतात.

चिडणारच. डिसेंबर २०२३ पासून ड्युटी शून्य होती, भरमसाट आला, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या सरकारने ३० टक्के लावले. तिकडे चीननेही मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के लावले होते, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची दोन्ही मोठी गिऱ्हाइकं एकाच वर्षात फिरली. शेठना एवढंच सुचवा, पुढच्या सौद्यात मध्येच ड्युटी बदलली तर कुणी सोसायची हे लिहून घ्या. सांगताना चहा आलेला असावा.

प्रश्न : माझ्या भाच्याला एका एजंटने कॅनडात स्टोअर सुपरवायझरची नोकरी आणि एलएमआयए देतो म्हणून १८ लाख सांगितलेत. ४ लाख दिले. पावती मिळालीय पण त्यावर ‘करिअर गाइडन्स फी’ लिहिलंय. पुढचे द्यावे का? (वाघबीळ)

एक रुपया देऊ नका. एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस घेण्याआधी तिकडच्या मालकाने सरकारकडून घ्यायची परवानगी, तिची फी १००० डॉलर, ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. १८ लाखाचा हिशोब त्यात कुठेच बसत नाही. पीआरसाठी, म्हणजे तिकडे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, नोकरीच्या ऑफरचे जे जादा पॉइंट मिळायचे ते २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, ज्या मोठ्या शहरांत बेकारी ६ टक्के किंवा वर आहे तिथले कमी पगाराचे बहुतेक एलएमआयए अर्ज सप्टेंबर २०२४ पासून घेतच नाहीत. तिकडे छोटे दुकानदारही अडचणीत आहेत, काहीजण धंद्यापेक्षा अशी कागदं विकून पैसे करतात, आणि पकडले गेले की मालकाला दंड होतो पण पोराच्या फाइलवर खोटेपणाचा शिक्का बसतो आणि पाच वर्षं दार बंद.

पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणारा एकतर तिथला वकील लागतो नाहीतर त्यांच्या कन्सल्टंट कॉलेजचा लायसनधारक, ती यादी ऑनलाइन सगळ्यांना दिसते, दोन मिनिटांत नाव सापडतं किंवा सापडत नाही. सोमवारी त्यांच्या ऑफिसात जा, एकटे नको, भाच्याला आणि सोसायटीतल्या एखाद्या दांडग्या माणसाला घेऊन. आवाज चढवू नका. दोनच प्रश्न विचारा, लायसन नंबर काय, आणि पावतीवर एलएमआयए हा शब्द का नाही. उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, पावतीची झेरॉक्स काढा आणि मूळ पावती कुणी कितीही मागितली तरी हातातून सोडू नका.